मायनरचा मास्टर सिलिंडर: फ्लोअर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात लीड्सजवळ राहता, १९६०ची उजव्या स्टिअरिंगची मॉरिस मायनर १००० मागच्या वर्षी घेतलीत. आधीच्या मालकाकडे ती बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. आता ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि गाडी नीट थांबते. ब्रेक ऑइलही हळूहळू उतरतंय. जवळच्या गॅरेजवाल्याने मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) गेलाय असं सांगितलं आणि तो काढायला टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनचा पोलादी दांडा) सोडवावा लागेल म्हणून मजुरीचा मोठा आकडा टाकला. बार न उतरवता सिलिंडर निघेल का, आणि निघाला तर किट (आतल्या रबरी भागांचा नवा संच) टाकावं की नवाच घ्यावा, हे तुम्हाला विचारायचंय.

निघतो, बहुतेक गाड्यांत निघतो. कसा ते पुढे सांगतो. पण तुमच्या जागी मी असतो तर फ्लोअरच्या स्क्रूंना हात लावण्याआधी हा सिलिंडर खरंच गुन्हेगार आहे का हे पक्कं केलं असतं. कारण तुम्ही सांगितलेली मुख्य खूण, म्हणजे दुसऱ्या दाबाला पेडल वर येणं, ही मास्टर सिलिंडरची खूण नाहीच. मी पुण्यात फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरवर काम शिकलो, आता बरीच वर्षं इकडे मिडलंड्समध्ये जुन्या इंग्लिश गाड्याच करतो. मायनरचा मास्टर सिलिंडर विनाकारण उतरवलेला मी इतक्यांदा पाहिलाय, की गाडी आली की आधी चाकांकडे जातो.

पहिल्या दाबाला पेडल खाली आणि दुसऱ्याला वर, याचा अर्थ साधारणपणे एवढाच की शू (चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे भाग) ड्रमपासून फार लांब आहेत. पेडलच्या एका फेरीत सिलिंडर जेवढं तेल ढकलू शकतो, तेवढं सगळं शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत शू पूर्ण मागे गेलेले नसतात, म्हणून तेच तेल आता दाब देतं. आजच्या गाड्यांत हे अंतर आपोआप राखलं जातं, त्यामुळे तरुण मेकॅनिकच्या हाताला ही सवयच उरलेली नाही. मायनरमध्ये ते माणसाने करायचं असतं. पुढे प्रत्येक ड्रममध्ये शूचं अंतर जमवणारे दोन अ‍ॅडजस्टर असतात, कारण दोन्ही शूंना वेगवेगळा सिलिंडर आहे. मागे प्रत्येक ड्रममध्ये एकच. चाक उचलायचं, ड्रमच्या भोकातून अ‍ॅडजस्टरची खाच दिसेपर्यंत ड्रम फिरवायचा, स्क्रू ड्रायव्हरने शू घट्ट लागेपर्यंत फिरवायचा आणि मग एक खाच मागे. हे करताना हँडब्रेक पूर्ण सोडलेला हवा, नाहीतर मागचं माप खोटं येतं. सहाही अ‍ॅडजस्टर झाले की पेडल दाबून पाहा. दहातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत इथेच काम संपतं, असं मी आकडे न मोजता सांगू शकतो.

एखादा अ‍ॅडजस्टर फिरतच नसेल, किंवा शेवटच्या खाचेपर्यंत गेला तरी शू लागत नसेल, तर लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) संपलेत किंवा ड्रम घासून मोठा झालाय. तेव्हा ड्रम काढावाच लागेल. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

दुसरी तक्रार म्हणजे तेल उतरणं. ही मात्र नक्कीच गळती आहे, फक्त कुठून हा प्रश्न आहे. बंद सिस्टीममधलं तेल उडून जात नाही. चारही ड्रम काढा आणि शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांची कड हलकेच उचला. कोरडी असेल तर ठीक. आतून ओलसर निघाली तर तो सिलिंडर गेला, मग बाहेर थेंब पडो न पडो. मागच्या चाकांत एक फसगत होते: तिथे अ‍ॅक्सलच्या सीलमधून गिअर ऑइलही येतं आणि दोन्ही काळपट होऊन सारखीच दिसतात. थोडं बोटावर घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि पाण्याच्या नळाखाली ते बोटावरून सुटत नाही, ब्रेक ऑइल पाण्यात लगेच विरघळून जातं. मागचा ब्रेक सिलिंडर बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खाचेत पुढेमागे सरकणारा असतो. गाडी बरीच वर्षं उभी होती म्हणता, तेव्हा तो गंजून अडकलेला असण्याची शक्यता मोठी. तसं असलं तर दोनपैकी एकच शू काम करतो आणि हँडब्रेकही अर्धवट लागतो.

चाकं कोरडी निघाली तर मग शंका मास्टर सिलिंडरवर जाते. आता त्याची खात्री करायची युक्ती. मायनरमध्ये रबरी होज तीन असतात: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. या तिन्ही होज ब्रेक होजसाठीच्या गोल तोंडाच्या क्लॅम्पने दाबून बंद करायच्या आणि पेडल दाबायचं. पेडल उंच आणि दगडासारखं घट्ट लागलं, पाय दाबून धरला तरी खाली सरकलं नाही, तर मास्टर सिलिंडर ठीक आहे आणि दोष चाकांकडे आहे. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं, ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल पडेल तिथे जायचं. उलट तिन्ही बंद असतानाही पेडल हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठे तेल नसेल, तर आतला कप (पिस्टनवरचं रबरी सील) तेल अडवत नाहीये, म्हणजे सिलिंडर उघडायलाच हवा. दाबल्यावर पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा आहे. होज जुन्या आणि तडकलेल्या असतील तर ही चाचणी केल्यावर त्या बदलाच. तशाही बदलायला हव्यात. व्हाइस ग्रिपने मात्र दाबू नका, आतला थर फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

समजा चाचणीत सिलिंडरच दोषी ठरला. आता तुमच्या मूळ प्रश्नावर.

मायनर १९४८ साली आली तेव्हा पेडल फ्लोअरमधून वर यायचे आणि त्यांची सगळी यंत्रणा खाली असायची. त्यामुळे मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिस लेगच्या (गाडीखालच्या लांब पोकळ तुळईच्या) पोकळीत बसवलाय. तेल भरायचं भोक गालिच्याखाली. गाडी खड्ड्यावर घेऊन खालून काम करणाऱ्या गॅरेजांच्या काळात हे चालून गेलं. आज घरच्या ड्राइव्हवेवर त्याचा त्रास होतो. त्यात तेल सांडलं की ते चॅसिस लेगमध्येच उतरतं, तिथला रंग खातं, आणि थंडीत रस्त्यावरचं मीठ त्याच जागेला लागतं. म्हणून सिलिंडर बाहेर आला की टॉर्च घेऊन लेग आतून नीट पाहा. पत्रा पातळ झाला असेल तर ब्रेक पुढे ढकला आणि आधी वेल्डिंग करून घ्या.

गाडीचं पुढचं तोंड उचलून घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही, एवढं सांगून पुढे जातो. सीट काढा, गालिचा काढा, मग ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्लोअरची झाकणपाटी उघडा. तिचे स्क्रू बहुधा गंजलेले असतात. आदल्या दिवशी भेदक तेल सोडून ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हर डोक्यात घालून मागून हातोडीचा हलका ठोका द्या. तरीही डोकं गेलंच तर ड्रिल करून काढा आणि त्या जागी नवे घाला. ही पाटी परत कधीतरी उघडावी लागणारच आहे. तेलाचं टोपण उघडण्याआधी आजूबाजूची सगळी माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. मायनरच्या मास्टर सिलिंडरमध्ये सापडणारी रेती बहुतेक वेळा तेल भरताना गालिच्याखालून पडलेली असते.

तेल सिरिंजने उपसा. पाइपचे नट सोडताना इंचाचे पाने हवेत. घरात मिलिमीटरचे पाने आहेत म्हणून ते चालवू नका. सात सोळांशाच्या नटाला ११चा पाना बसल्यासारखा वाटतो कारण फरक एक दशांश मिलिमीटरचा आहे, पण अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा लावलात तर तो ढिला बसतो आणि गंजलेला नट पहिल्याच झटक्यात गोल होतो. पाइपसाठी खास कापलेल्या तोंडाचा रिंग पाना मिळतो, तो वापरा. नट सुटला पण पाइप त्याच्याबरोबर फिरू लागला तर थांबा, पाइप पिळून तुटतो. तशा पाइपला मी वाचवायच्या भानगडीत पडत नाही. कापून टाकतो आणि नवा बनवतो.

आता टॉर्शन बार. मायनरच्या पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी लांब पोलादी दांडा आहे. तो खालच्या आर्मपासून मागे गाडीच्या मधल्या क्रॉसमेंबरपर्यंत जातो आणि पिळला जाऊन चाकाचं वजन पेलतो. सिलिंडर चॅसिस लेगमध्ये दोन लांब बोल्टने धरलेला असतो. नट निघतो, बोल्ट सरकायला लागतो आणि पूर्ण बाहेर यायच्या आत त्याचं डोकं या बारला अडतं. गॅरेजवाला जे म्हणतोय ते खोटं नाही, पुस्तकी मार्ग बार बाजूला घेण्याचाच आहे. पण बार सोडवणं म्हणजे त्यातला पीळ सोडवणं. आर्मखाली जॅक नीट नसेल तर आर्म झटक्यात खाली येतो आणि हात मध्ये असेल तर हात जातो. परत बसवताना गाडीची उंचीही पुन्हा जमवावी लागते. ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांनी घरी एकट्याने करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी काय करतो ते सांगतो. चाकं लटकू देतो, म्हणजे बारवरचा भार कमीत कमी राहतो. मग लाकडाचा जाड दांडा किंवा फडक्यात गुंडाळलेली पहार घेऊन बारला हळूच बोल्टच्या वाटेतून बाजूला दाबतो. बार लांब आहे, मधोमध तो थोडासा वाकतो. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी बोल्ट ओढायचा. बोल्टाचं डोकं बारला चाटून निघून जातं. किती जागा मिळेल ते गाडीगणिक बदलतं. आधी कुणी बार बदलला असेल, गाडीची उंची कमी केली असेल, किंवा बोल्टच मूळचे नसतील, तर इतकं सोपं जाणार नाही. खूप जोर लावूनही जागा होत नसेल तर थांबा आणि तो भाग अनुभवी माणसाकडून करून घ्या. सगळं काम गॅरेजला देण्यापेक्षा तेही स्वस्त पडेल.

दोन गोष्टी मात्र करू नका. लोखंडी पहार थेट बारवर टेकवू नका, आणि बोल्टचं डोकं उडवायला ग्राइंडर तिथे नेऊ नका. टॉर्शन बार आयुष्यभर पिळला जातो, आणि पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. बार लगेच तुटणार नाही. कधीतरी पुढे, एखाद्या खड्ड्यात तुटेल.

परत जोडताना बोल्ट उलटे घाला. म्हणजे डोकं बारच्या विरुद्ध बाजूला आणि नट बारच्या बाजूला. मग पुढच्या वेळी नट काढला की बोल्ट मोकळ्या बाजूने सरळ निघतो, बारला हात लावायची गरज नाही. आधी कोरडे बोल्ट घालून बघा की तुमच्या गाडीत त्या बाजूने ते आत जातात आणि नटाला पाना लागतो. तुमच्या गाडीत आधीच्या कुणी शहाण्याने हे करून ठेवलं असेल तर तुमचं नशीब. खाली वाकून एकदा बघा, गॅरेजवाल्याने ते पाहिलंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

सिलिंडर बाकावर आल्यावर किट की नवा, हे बोअर (सिलिंडरची आतली गोल पोकळी) ठरवतो. मायनरचा बोअर सात अष्टमांश इंचाचा असतो. पिस्टन, कप, स्प्रिंग आणि टोकाची चेक व्हॉल्व्ह काढा. आतला भाग मेथिलेटेड स्पिरिटने धुवा. पुण्यात आम्ही सगळं रॉकेल नाहीतर पेट्रोलमध्ये बुडवायचो, इकडेही लोक व्हाइट स्पिरिट वापरतात. ब्रेकच्या रबराला हे सगळं वर्ज्य आहे. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, पेट्रोल, यातलं काहीही लागलं तरी रबर फुगतं, आणि फुगलेला कप मागे जात नाही. बोअरमध्ये टॉर्च मारा आणि करंगळीचं नख गोल फिरवा. कप ज्या पट्ट्यात सरकतो तिथे नख कुठेच अडत नसेल तर किट टाका, बिनधास्त. डाग आहे पण नख अडत नाही, तरीही चालेल. बारीक होनने (बोअर आतून घासायच्या दगडाने) दोन-चार फिरक्या मारून धुऊन घ्या. नख अडलं, म्हणजे खड्डा आहे, तर नवं रबर त्या खड्ड्यावरून रोज ये-जा करेल आणि काही महिन्यांत तुम्ही परत फ्लोअर उघडाल. बोअर होन करून खड्डा घालवायच्या नादात माप वाढवू नका, कप मग ओठावर उभाच राहत नाही.

खड्डे असतील तर दोन वाटा आहेत. इकडे मायनरच्या सुट्या भागांचे धंदेवाले भरपूर आहेत आणि नवा सिलिंडर सहज मिळतो. फक्त आलेला सिलिंडर जुन्याशेजारी ठेवून पाहा: बोल्टच्या भोकांचं अंतर, पाइपचे आटे, पुशरॉडची (पेडलकडून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याची) खोली. जुळत नसेल तर परत पाठवा, रेतून बसवू नका. दुसरी वाट म्हणजे मूळ सिलिंडरला स्टेनलेसची स्लीव्ह (आत घालायची नळी) बसवून घेणं. मला ही आवडते. मूळ ओतकाम जागेवर बिनतक्रार बसतं आणि स्टेनलेसला परत गंज चढत नाही. खर्च नव्यापेक्षा जास्त येतो, हे खरं. महाराष्ट्रात ज्यांच्याकडे हिंदुस्तान मोटर्सने जोडलेली मायनर, म्हणजे 'बेबी हिंदुस्तान' आहे, त्यांना बहुधा हीच वाट आहे, कारण भाग मागवायचे तर टपाल आणि कस्टम मिळून आकडा वाढतो. चांगला लेथवाला स्लीव्ह बसवेल, पण त्याला एक गोष्ट समजावून सांगा. ब्रेक ऑइलच्या टाकीतून सिलिंडरमध्ये दोन भोकं उतरतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक, सुईच्या जाडीचं. स्लीव्हमध्ये ती दोन्ही नेमक्या जागी हवीत आणि त्यांच्या कडा आतून गुळगुळीत हव्यात. भोकाची एक सूक्ष्म कड वर राहिली तर नवा कप पहिल्याच दिवशी कापला जातो.

अ‍ॅम्बेसेडरचं किट बसेल का, हा प्रश्न तिकडचे लोक नेहमी विचारतात. कपाचा व्यास आणि ओठाची जाडी मोजून बघा, दिसतंय सारखं म्हणून घालू नका.

जोडताना प्रत्येक भाग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये ओला करूनच आत घाला. कपचा ओठ दाबाच्या दिशेला, आणि तो आत जाताना दुमडला नाही ना हे बोटाने पाहा. तांब्याचे वॉशर नवे वापरा. जुना वॉशर एकदा चेपलेला असतो, तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

आता ज्या गोष्टीवर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात ती. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात पेडल सोडलेलं असताना थोडी मोकळीक राहायलाच हवी, सुमारे एक बत्तिसांश इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर. पायाला ती पेडलच्या सुरुवातीच्या हलक्या हालचालीच्या रूपात जाणवते. ही मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते बारीक भोक कपाखाली झाकलेलं राहतं. चालताना ड्रम तापतात, तेल गरम होऊन पसरतं, पण त्याला टाकीत परत जायला वाट नसते. दाब वाढत जातो, शू आपोआप आवळत जातात, आणि काही मैलांनी गाडी स्वतःच ब्रेक मारून उभी राहते. थंड झाली की परत मोकळी. अशा गाड्यांत लोक व्हील सिलिंडर बदलत बसतात.

हे भोक मोकळं आहे का ते डोळ्यांनी पाहता येतं, आणि मायनरमध्ये टाकी पायाखाली असल्याचा हा एक फायदा आहे. टोपण काढा, तेल अर्धंच ठेवा, आत टॉर्च मारा आणि कुणाला तरी पेडल हाताने अगदी हळू हलवायला सांगा. पेडल हलायला सुरुवात झाली की तेलाच्या पृष्ठभागावर एक बारीकशी उसळी दिसते. उसळी दिसली म्हणजे भोक उघडं आहे. पेडल अर्धं खाली जाईपर्यंत काहीच दिसलं नाही तर एकतर भोक बुजलंय किंवा मोकळीक नाही. डोळ्यांवर चष्मा लावा, कधी कधी ती उसळी चांगलीच वर येते. आणि ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

फ्लोअर उघडं आहे तोवर आणखी काय करावं? तिन्ही होज बदला. त्या आतून सुजतात आणि दिसत नाहीत. कडक पाइप गंजके असतील तर तांबे-निकेलचे बनवून घ्या. मधे तुकडा जोडायला दाबनट वापरलेला पाइप कुणी बसवला असेल तर तो काढून टाका. शंका असलेले व्हील सिलिंडर बदला, पुढचे चारही एकदम. ब्रेक लाइटचा स्विच तेलाच्या दाबावर चालतो, त्याच्या टोकाला ओल आहे का पाहा, तोही गळतो. मायनरचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, तेव्हा हँडब्रेकच्या केबल मोकळ्या आहेत आणि दोन्ही मागची चाकं धरतात हे याच वेळी बघून घ्या. १९६०च्या गाडीला इथे २०१८पासून एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, म्हणून हे कुणी बाहेरचा माणूस तपासून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. मी माझ्या गिऱ्हाइकांना एमओटी स्वतःहून करून घ्या असंच सांगतो.

टाकी वर बॉनेटखाली नेण्याचं किटही मिळतं. टोपणाच्या जागी एक जोड बसतो आणि पाइप वर जातो. मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गाडी रोज वापरणार असाल तर बसवा. तेलाची पातळी दिसेल, गालिच्याखालची माती आत जाणार नाही, आणि हवं तेव्हा काढून मूळ टोपण लावता येतं.

पाइपांतली हवा (एअर) काढायच्या आधी सगळे अ‍ॅडजस्टर घट्ट लावून शू ड्रमला टेकवून ठेवा. मग व्हील सिलिंडरचे पिस्टन कमी हलतात आणि हवा लवकर निघते. सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, तुमच्या गाडीत मागचं डावं, आणि जवळ येत जा. टाकी लहान आहे, सारखी भरत राहा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून. जुनाच सिलिंडर ठेवला असेल तर पेडल फ्लोअरपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी न वापरल्या जाणाऱ्या बोअरच्या गंजक्या भागात कप गेला तर तो तिथेच फाटतो. शेवटी अ‍ॅडजस्टर परत एकेक खाच मागे.

ब्रेक ऑइल डॉट ४ या दर्जाचं घाला. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, आणि ओल शोषल्यावर १५५. डॉट ३चे हेच आकडे २०५ आणि १४०. दोन्ही हवेतली ओल ओढतात, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट ५ काही लोक वापरतात. ते रंगाला लागत नाही आणि ओल ओढत नाही, उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग आहे. पण ते जुन्या तेलात मिसळायचं नाही. घालायचंच असेल तर सगळे रबरी भाग नवे असताना आणि पाइप कोरडे असतानाच घाला. डॉट ५.१ हे वेगळं आहे, त्यात सिलिकॉन नसतं, दुकानात घेताना डबा नीट वाचा.

पहिली फेरी घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, हँडब्रेकवर हात ठेवून. चार-पाच मैल चालवून ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही ड्रमजवळ हात न्या. एक इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर त्या चाकाचा शू घासतोय, तिथला अ‍ॅडजस्टर आणखी एक खाच सैल करा. चारही सारखेच तापले असतील तर पुशरॉडच्या मोकळिकीकडे परत जा. रात्रभर सिलिंडरखाली पांढरा कागद ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तेव्हाच फ्लोअरची पाटी बसवा, स्क्रूंच्या आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावून. क्लॅम्पची चाचणी केल्यावर पेडल कसं लागलं ते मात्र आधी कळवा. ते घट्ट लागलं तर यातलं निम्मं काम तुम्हाला करावंच लागणार नाही.